मित्र बदलला, विमानं तीच राहिली: इजिप्त, मॉस्को, वॉशिंग्टन आणि मधेच आपलं ओझर

उंटावरचा_शहाणा (धागालेखक)

भारताने रशियाची शस्त्रं सोडून अमेरिकेची घ्यावीत का, यावर इथे दर दोन-तीन महिन्यांनी हाणामारी होते. दोन्ही पार्ट्यांचं एक गृहीतक सारखंच असतं: दुकान बदललं की प्रश्न मिटला. ज्या देशाने खरोखर अख्खं दुकान बदललं, त्याची गोष्ट मात्र कुणी काढत नाही. म्हणून आज इजिप्त.

सप्टेंबर १९५५ मध्ये इजिप्तचे नेते नासर यांनी जाहीर केलं की आम्ही चेकोस्लोव्हाकियाकडून शस्त्रं घेतोय. नाव चेकचं, माल सोव्हिएत. त्याआधी इजिप्तचं सैन्य ब्रिटिश वळणाचं होतं. पण ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेने १९५० पासून आपसात ठरवून अरब आणि इस्रायल दोघांनाही शस्त्रं मोजूनमापून द्यायचं धोरण ठेवलं होतं. नासरला ते मोजमाप मान्य नव्हतं. मग मिग-१५ आली, इल्युशिन-२८ बॉम्बर आले, टी-३४ रणगाडे आले.

५ जून १९६७ ला इस्रायलने काही तासांत यातलं बहुतेक हवाई दल धावपट्ट्यांवरच जाळलं. मॉस्कोने ते भरून दिलं. पण १९७० पर्यंत अशी वेळ आली की नुसती क्षेपणास्त्रं देऊन भागेना, ती चालवायला सोव्हिएत तुकड्याही आल्या. मिग-२१ मध्येही सोव्हिएत वैमानिक बसले. ३० जुलै १९७० च्या हवाई लढाईत इस्रायलने पाच मिग पाडली, त्यातले वैमानिक सोव्हिएत होते. पुढच्या वर्षी मिग-२५ आली. इस्रायलच्या ताब्यातल्या सिनाय वाळवंटावरून उंचावरून फोटो काढून परत यायची, आणि त्यात बसायची मुभा एकाही इजिप्शियन वैमानिकाला नव्हती. आपल्या विमानतळावर उभं असलेलं विमान आपलं नाही, हे नासरनंतर आलेले राष्ट्राध्यक्ष सादात रोज पाहत होते.

मे १९७१ मध्ये मॉस्कोशी पंधरा वर्षांचा मैत्री करार झाला. मे १९७२ मध्ये निक्सन मॉस्कोला गेले आणि दोन महासत्तांचं गोडीगुलाबीचं पर्व सुरू झालं. सादातना हवी ती आक्रमक शस्त्रं मिळेनात. जुलै १९७२ मध्ये त्यांनी हजारो सोव्हिएत लष्करी सल्लागारांना घरी पाठवलं. जगाला वाटलं इजिप्त फुटला. पण ऑक्टोबर १९७३ चं युद्ध इजिप्तने सोव्हिएत शस्त्रांनीच लढलं. सुएझ कालव्यावर इस्रायली विमानं पाडली ती सॅम-६ या विमानविरोधी क्षेपणास्त्रांनी, रणगाडे फोडले ते सॅगर या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांनी. माणसं हाकलली होती, शस्त्रं नव्हती हाकलता येत.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. सादात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्याशी बोलू लागले तसा मॉस्कोने हात आखडता घेतला. कर्जफेड पुढे ढकलायला नकार, सुट्या भागांना नकार. मिग-२१ चं इंजिन काही शे तास उडालं की उतरवून पूर्ण उघडावं लागतं. ते करायला सामान नसेल तर विमान नुसतं उभं राहतं. युद्ध न होता, एकही गोळी न सुटता हवाई दल आटत जातं.

आणि इथे भारत येतो. मिग-२१ परवान्याखाली आपण बनवत होतो, नाशिकजवळच्या ओझरला. इजिप्तने आपल्याकडे मदत मागितली. परवान्यामुळे आपल्याला मॉस्कोला विचारावं लागलं आणि मॉस्कोने नाही म्हटलं. मार्च १९७६ मध्ये सादातनी संसदेत मैत्री करार रद्द करायचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा या नकाराचा उल्लेख भाषणात केला. पुढच्याच महिन्यात उपराष्ट्राध्यक्ष मुबारक बीजिंगला गेले. चीनकडे त्याच मिगांची इंजिनं आणि भाग होते, रशियाशी भांडण झालेलं होतं, परवानगी विचारायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी दिली, आणि फुकट दिली.

अमेरिकेचा माल मात्र लगेच आला नाही. १९७८ मध्ये ५० एफ-५ विमानं ठरली, पैसे सौदी देणार होता. मार्च १९७९ मध्ये इस्रायलशी शांतता करार झाला आणि सौदीने पैसे काढून घेतले. मग अमेरिकेने स्वतःच कर्ज देऊन ३५ फँटम लढाऊ विमानं दिली. एफ-१६ यायला १९८२ उजाडलं. म्हणजे सल्लागार हाकलल्यापासून दहा वर्षं. मधल्या काळात आहे त्या मिगांवर चिनी सामान लावून गाडा ओढला.

माझं म्हणणं असं: दुकान बदलता येतं, पण जुन्याची उधारी आणि नव्याची किंमत एकाच वेळी अंगावर येते. आणि नव्याच्या मालावरही अटींची चिठ्ठी असतेच. अमेरिकेने इजिप्तला दोनशेहून जास्त एफ-१६ दिली, पण त्यावर लावायचं लांब पल्ल्याचं अ‍ॅम्राम क्षेपणास्त्र दशकानुदशकं दिलं नाही. इस्रायलला नको होतं, विषय संपला.

---

बोंबील_बहाद्दर

पहिला! आता वाचतो.

---

ओझर_मिग

लेख आवडला. वडील एचएएलमधून (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) निवृत्त, लहानपण टाऊनशिपमध्ये गेलं, त्यामुळे थोडी भर घालतो.

शीर्षकात ओझर घातलंत, पण नाशिकच्या कारखान्यात विमानाचा सांगाडा बनायचा आणि जुळणी व्हायची. इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. मुद्दाम तीन ठिकाणी वाटलेलं. इजिप्तचं मुख्य दुखणं इंजिनाचं, म्हणजे त्यांच्या मागणीची चिठ्ठी खरं तर कोरापुटच्या टेबलावर जायला हवी.

आता 'आपण बनवत होतो' याबद्दल. सुरुवातीला सुटी खोकी यायची आणि आपण जुळणी करायचो. हळूहळू इथे बनणाऱ्या भागांचं प्रमाण वाढत गेलं. पण नकाशे त्यांचे, धातूची मिश्रणं त्यांची, बदल करायचा तर विचारायचं त्यांना. तिसऱ्या देशाला विकायचा तर प्रश्नच नाही. परवाना म्हणजे बनवायची मुभा, मालकी नव्हे. हे ओझरात कुणाला नवीन नव्हतं. सुखोई-३० च्या वेळी प्रमाण पुष्कळ सुधारलं, २२२ विमानं नाशिकला बनली, पण तिथेही मूळ गणित तेच.

---

उंटावरचा_शहाणा

@ओझर_मिग, भर उत्तम. इजिप्तने इंजिनांबरोबर इतर सुटे भागही मागितले होते, तेव्हा ओझरचा हक्क शाबूत आहे. शिवाय शीर्षकात कोरापुट घातलं असतं तर तुम्ही धागा उघडला असता का?

---

खडूस_आजोबा

लेख माहितीपूर्ण, निष्कर्ष अर्धवट.

तुम्ही इजिप्तला फसलेलं गिऱ्हाईक ठरवलंत. मला तो त्या काळातला सगळ्यात हुशार गिऱ्हाईक दिसतो. सादातकडे विकायला काय होतं? तेल फारसं नाही, पैसा नाही. होती ती एकच गोष्ट: मी कुणाच्या बाजूला उभा राहतो. ती त्यांनी विकली आणि बदल्यात काय घेतलं? २५ एप्रिल १९८२ ला सिनाय परत मिळालं. युद्ध करून जे जमलं नाही ते. वर दरवर्षी १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत, ती आजतागायत चालू. अ‍ॅम्राम नाही मिळालं म्हणून रडायचं कशाला? अ‍ॅम्राम लावून ते कुणाशी लढणार होते?

'स्वतःची शस्त्रं बनवा' म्हणणाऱ्यांसाठी: इजिप्तने तेही करून पाहिलं होतं. कैरोजवळ हेलवानला एचए-३०० नावाचं लढाऊ विमान बनत होतं. आराखडा खुद्द विली मेसरश्मिटचा, इंजिन ऑस्ट्रियन अभियंता ब्रांडनरचं. आणि ७ मार्च १९६४ ला ते पहिल्यांदा उडवलं कुणी, तर भारतीय हवाई दलाचे कपिल भार्गव यांनी. कारण आपल्याला तेच इंजिन आपल्या मारुत या लढाऊ विमानासाठी हवं होतं. दोन गरिबांनी मिळून एक इंजिन करायचा तो प्रयत्न होता. १९६९ मध्ये इजिप्तने प्रकल्प गुंडाळला. मिग-२१ तयार मिळत असताना एवढा खर्च कोण करणार? मारुत शेवटपर्यंत कमी ताकदीच्या ऑर्फिअस इंजिनावर उडत राहिलं.

तेव्हा परावलंबन नको म्हणणं सोपं आहे. ते नको असेल तर वीस वर्षं वाईट विमानं उडवायची तयारी ठेवा, आणि शेजारी तेवढी वर्षं थांबतील अशी प्रार्थना करा.

---

मृ_पुणे

आजोबा, सिनायबद्दल सहमत. पण त्याची किंमत घरच्यांनी मोजली ते राहिलं. १९७५ मध्ये इजिप्त, सौदी, कतार आणि अमिरातीने मिळून अरब शस्त्रउद्योगाची एक संयुक्त संस्था काढली होती. पैसा आखातातला, कारखाने आणि कामगार इजिप्तचे. १९७९ च्या करारानंतर बाकीचे बाहेर पडले. म्हणजे एका मोठ्या मित्राच्या नादात तीन छोटे गेले, आणि शस्त्रं स्वतः बनवायची दुसरी संधीही गेली. अरब लीगचं सदस्यत्व निलंबित झालं ते वेगळंच. सादातचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ६ ऑक्टोबर १९८१, १९७३ च्या युद्धाच्या स्मरणार्थ भरलेल्या संचलनातच.

मला दुसरंच खटकलं. भारताने मॉस्कोला विचारलं आणि नाही म्हटल्यावर गप्प बसला? नासर-नेहरू-टिटो, अलिप्ततावाद, एवढी जुनी मैत्री, आणि वेळेवर चार पेट्या पाठवता आल्या नाहीत?

---

उंटावरचा_शहाणा

@मृ_पुणे, त्या वेळी दिल्लीत बसून विचार करा. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत-पाकिस्तान दोघांचीही शस्त्रं थांबवली होती. १९७१ मध्ये सोव्हिएत करार झाला म्हणून आपण निर्धास्त लढलो. १९७४ ला पोखरण झाल्यावर पश्चिमेकडून दारं बंद व्हायला लागली होती. हवाई दल, रणगाडे, पाणबुड्या, सगळीकडे रशियन माल. इजिप्तसाठी परवाना मोडला असता तर पुढच्या वर्षी आपल्या मिगांची खोकी यायची थांबली असती. इजिप्तला जी शिक्षा चालली होती, तीच आपल्याला झाली असती. दिल्लीने विचारलं हेच माझ्या मते मोठं. न विचारताही नाही म्हणता आलं असतं.

पण तुमचा मुद्दा बोचरा आहे खरा. अलिप्त राष्ट्राची अलिप्तता सुट्या भागांच्या दारापाशी संपली.

---

भगवं_वादळ_९६

रशियाने कधी दगा दिला नाही. १९७१ ला अमेरिकेचं सातवं आरमार आलं तेव्हा कोण उभं राहिलं? अमेरिकेचं गुणगान बंद करा.

---

खडूस_आजोबा

बाळ, लेखात अमेरिकेचं गुणगान कुठे दिसलं? आणि रशियाने दगा दिला नाही म्हणतोस तर १९९३ मध्ये अग्निबाणांच्या क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान द्यायचा करार अमेरिकेच्या दबावाखाली कुणी मोडला? तयार इंजिनं दिली, तंत्र नाही. विक्रमादित्य या विमानवाहू जहाजाची किंमत २००४ मध्ये ठरली ९७ कोटी डॉलरच्या आसपास, हाती येईपर्यंत झाली २.३५ अब्ज. एस-४०० या विमानविरोधी क्षेपणास्त्र प्रणालीच्या पाच तुकड्यांचा करार २०१८ चा. युक्रेन युद्ध सुरू झालं आणि शेवटच्या दोन लांबल्या. याला मी दगा म्हणत नाही. त्यांचं घर आधी, आपलं नंतर, एवढंच. कुणीही तसंच करेल.

---

बोंबील_बहाद्दर

वाचून झालं. आजोबा फॉर्मात आहेत.

पाकिस्तानचं कुणी कसं काढलं नाही अजून? एफ-१६ चे पैसे भरले, आणि १९९० मध्ये प्रेसलर दुरुस्ती या अमेरिकी कायद्याखाली पुरवठा थांबला. थोरल्या बुशने अणुबॉम्ब नाही असं प्रमाणपत्र द्यायला नकार दिला. कारण सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून निघून गेल्या होत्या, आता पाकिस्तानची गरज कुणाला? २८ विमानं अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उभी. ती मध्ये न्यूझीलंडला भाड्याने द्यायचंही ठरलं होतं, नव्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी ते मोडलं. १९९८ च्या शेवटी क्लिंटननी हिशेब मिटवला, काही रोख आणि उरलेल्याचा गहू वगैरे. लढाऊ विमानांच्या बदल्यात गहू!

आता बहुतेक सगळं चीनकडून. सिप्री या स्वीडनमधल्या संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२० ते २४ मध्ये पाकिस्तानच्या शस्त्रआयातीतला ८१ टक्के वाटा चीनचा. त्याच काळात आपल्या आयातीतला रशियाचा वाटा ३६ टक्क्यांवर आला, दहा वर्षांपूर्वी तो ७२ होता. त्यांनी दुकान बदललं, आपण चार दुकानांत खातं उघडलं.

---

रिकामटेकडा_अभियंता

चार दुकानांत खातं उघडलं की चार प्रकारचे सुटे भाग, चार प्रकारची टूलकिट, चार प्रकारचं प्रशिक्षण. गोदामाच्या माणसाला विचारा.

धाग्यात इराण हवाच. तिथे मित्र बदलला नाही, एका रात्रीत शत्रू झाला. शहाने अमेरिकेकडून ८० एफ-१४ लढाऊ विमानं मागवली, ७९ मिळाली, तेवढ्यात १९७९ ची क्रांती. ऐंशीवं अमेरिकेतच राहिलं. अमेरिकन तंत्रज्ञ गेले, सुटे भाग बंद. आता ही विमानं लवकरच जमिनीवर बसणार असा अंदाज होता. दीड वर्षात इराकने हल्ला केला आणि तीच एफ-१४ आठ वर्षं लढली. कशी? शहाच्या काळात अमेरिकेत शिकून आलेली माणसं होती (त्यातली काही तुरुंगातून काढून कामाला लावली), एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावले, काही घरीच बनवले, काही काळ्या बाजारातून आणले. १९८० मध्ये फँटमचे टायर दिले ते इस्रायलने! आणि १९८५-८६ मध्ये रेगनच्या माणसांनीच चोरून टो आणि हॉक क्षेपणास्त्रांचं सामान पोचवलं, ते प्रकरण पुढे इराण-काँट्रा म्हणून गाजलं.

अमेरिकेने स्वतःची एफ-१४ २००६ मध्ये निवृत्त केली आणि पुढच्या वर्षीपासून मोडीत काढून अक्षरशः चुरा केला, इराणला एक स्क्रू मिळू नये म्हणून. तरी इराणची उडत होती. जून २०२५ मध्ये इस्रायलने तेहरानला जमिनीवर उभी असलेली काही नष्ट केली.

त्यामुळे धागालेखकाच्या 'आटत जातं' ला माझा थोडा विरोध. विमान आटतं ते माणसं नसली की. इजिप्तकडे तशी शिकलेली माणसं कमी होती का, कारण निम्मं काम सोव्हिएत सल्लागारच करत होते? मला तरी तेच कारण वाटतं.

---

फ्रँकफुर्टचा_पक्या

इराणने जे केलं ते आजच्या विमानात होणार नाही, अभियंता साहेब. इथे जर्मनीत २०२२ मध्ये ३५ एफ-३५ घ्यायचं ठरलं, कारण टोर्नेडो म्हातारी झाली आणि अमेरिकी अणुबॉम्ब वाहून न्यायला प्रमाणित विमान हवं. तेव्हा कुणी फार कुरकुर केली नाही. मार्च २०२५ मध्ये ट्रम्पनी युक्रेनची मदत आणि गुप्त माहिती काही दिवस थांबवली आणि एकदम सगळ्यांना जाग आली. एफ-३५ दुरून 'बंद करायचं बटण' अमेरिकेकडे आहे का, यावर चर्चा. डेन्मार्कच्या संसदेतल्या संरक्षण समितीच्या अध्यक्षांनी तर एफ-३५ घेतल्याचा पश्चात्ताप होतो असं जाहीर म्हटलं.

बटणाची गरजच नाही. शत्रूचं रडार कुठलं, ते कसं ओळखायचं, याच्या माहितीच्या फायली विमानात भराव्या लागतात आणि त्या मुख्यतः अमेरिकेत तयार होतात. देखभालीची प्रणाली त्यांची. त्यांनी काही तोडायचं नाही, फक्त नवीन द्यायचं थांबवायचं. मिगला टायर मिळाला तर मिग उडतं. याला टायरही हवा आणि परवानगीही हवी.

बरं, इजिप्तची पुढची गंमत राहिली. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोर्सींना लष्कराने हटवल्यावर ओबामांनी एफ-१६ अडवली. मार्च २०१५ मध्ये सोडली, पण तोवर नवे राष्ट्राध्यक्ष सिसींनी फ्रान्सकडून २४ राफाल घेऊन टाकली होती. मग रशियाकडून मिग-२९. पुन्हा रशिया! मग कळलं की राफालबरोबरच्या स्काल्प क्षेपणास्त्रात एक अमेरिकी भाग आहे, त्यामुळे २०१८ मध्ये तेही अडलं. सुखोई-३५ घ्यायला गेले तर अमेरिकेने निर्बंधांची तंबी दिली, तो सौदा बारगळला. बाहेर पडायला म्हणून जे दार उघडावं त्याच्या बिजागरीवर अमेरिकेचा शिक्का.

---

मृ_पुणे

@फ्रँकफुर्टचा_पक्या, हे मूळ लेखात हवं होतं.

@उंटावरचा_शहाणा, एक शंका. इजिप्तने जुन्या सोव्हिएत विमानांचं शेवटी केलं काय?

---

उंटावरचा_शहाणा

मिग-२१ कितीतरी वर्षं उडवली, वर १९८० नंतर त्याच जातीची चिनी एफ-७ विकत घेतली. मिग-२३ मात्र थोडीच होती आणि सांभाळणं अशक्य. त्यातली काही चीनला दिली, काही अमेरिकेला. अमेरिकेने नेवाडात गुपचूप उडवून आपल्या वैमानिकांना त्यांच्याशी लढायला शिकवलं. मॉस्कोने सुटे भाग अडवले आणि त्यापायी आपल्या विमानाची सगळी गुपितं वॉशिंग्टन आणि बीजिंगला पोचवली. उधारी माफ केली असती तर स्वस्तात सुटले असते.

@रिकामटेकडा_अभियंता, माणसांचा मुद्दा मान्य, पण इराणकडे तेलाचे पैसे होते आणि युद्ध अंगावर होतं. इजिप्तला तडजोडीचा रस्ता उघडा होता. ज्याला दुसरा रस्ता आहे तो तुरुंगातून मेकॅनिक काढत बसत नाही.

---

खडूस_आजोबा

ओझरवाल्यांना प्रश्न. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकहून तेजस मार्क-१ए उडालं, संरक्षणमंत्री आले, पेढे वाटले. सप्टेंबरात मिग-२१ निवृत्त, ऑक्टोबरात तेजस. छान. पण इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं. २०२१ मध्ये ९९ मागवली, पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. मग नेमकं काय बदललं?

---

ओझर_मिग

काका, बदललं ते असं. मिगमध्ये आराखडा त्यांचा होता. तेजसचा आराखडा आपला, उड्डाण नियंत्रणाचं सॉफ्टवेअर आपलं. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर आपली माणसं अमेरिकेतून परत पाठवली गेली आणि ते सॉफ्टवेअर बंगळुरूला पुरं केलं. म्हणून उद्या कुठलं क्षेपणास्त्र लावायचं हे मॉस्कोला किंवा पॅरिसला विचारावं लागत नाही. इंजिनाबाबत तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. सांगाडे तयार होऊन इंजिनाची वाट बघत थांबले. जीईने दगाबाजी केली नाही, त्यांची बंद पडलेली उत्पादनसाखळी पुन्हा जोडायला वेळ लागला. पण परिणाम तोच.

तुमच्या हेलवानच्या गोष्टीत मारुत अडलं ते इंजिनावर, तेजसही अडलं ते इंजिनावर. मधे साठ वर्षं गेली.

---

बोंबील_बहाद्दर

आणि आपलं स्वदेशी कावेरी इंजिन? १९८९ पासून चाललंय ना?

---

ओझर_मिग

कावेरीचं इथे काढू नका, दोनशे प्रतिसाद होतील आणि इजिप्त बाजूला राहील. २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं तेव्हा नेमकं काय घडलं यावर माझ्याकडे बरंच साहित्य आहे. रविवारी वेगळा धागा काढतो. आजोबा, तिथे या, पण आधी वाचून मग भांडा.

---

खडूस_आजोबा

वाचूनच भांडतो. काढ.